बुडत्याचा हात कोण धरतो? ग्रीक पुराणातले समुद्रदेव आणि जलचर

ग्रीक समुद्रदेव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. दाढीवाला, धिप्पाड पोसायडन, हातात त्रिशूळ, पायाखाली उसळती लाट. सिनेमा, कार्टून आणि मुलांच्या पुस्तकांनी हे चित्र इतकं पक्कं केलंय की बाकीचे सगळे त्याच्या सावलीत गेले. खरं तर ग्रीकांच्या समुद्रात देवांची नुसती दाटी होती. भविष्य सांगणारे म्हातारे, पन्नास बहिणी, कमरेखाली मासा असलेला शंखवाला, सहा तोंडांची राक्षसीण, माणसाला पाठीवर घेणारा डॉल्फिन. ही दाटी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. समुद्राचा राजा बुडवतो. वाचवायला जे धावून येतात, त्यांतले कितीतरी जण एकेकाळी साधी माणसं होती.

हे असं का, ते कळायला आधी ग्रीक माणसाला समुद्राची नेमकी कसली भीती होती ते पाहू.

इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या आरमाराने आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत, आर्गिनुसी बेटांजवळ स्पार्टाच्या ताफ्याचा पराभव केला. विजय मोठा होता. पण लढाईत अथेन्सची २५ जहाजं गेली. फुटक्या जहाजांना धरून राहिलेल्या खलाशांना उचलून घ्यायच्या आत वादळ उठलं. माणसं तशीच गेली, प्रेतंही हाती लागली नाहीत. विजयी सेनापती घरी आले तेव्हा सत्कार राहिला बाजूला, त्यांच्यावर खटलाच उभा राहिला. आठपैकी दोघे परतलेच नाहीत. जे सहा जण परतले, त्यांना नागरिकांच्या सभेने एकाच ठरावात देहदंड दिला. सगळ्यांचा निवाडा एकगठ्ठा करणं कायद्यात बसत नाही, म्हणून त्या दिवशी एक जण अडून बसला होता. तो सॉक्रेटिस. त्याचं कोणी ऐकलं नाही.

लढाई जिंकून देणाऱ्या सेनापतींना फाशी का? कारण बुडालेल्या माणसाला माती मिळत नाही. ग्रीक समजुतीप्रमाणे ज्याचे अंत्यविधी झाले नाहीत तो जीव ना इकडचा ना तिकडचा. होमरच्या ओडिसीत तराफा फुटून लाटांत सापडलेला ओडिसियस मरणाला भीत नाही, त्याला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ट्रॉयच्या रणात मेलो असतो तर निदान रीतसर क्रिया तरी झाली असती, असं त्याच्या मनात येतं. जो समुद्रातून परत येत नाही त्याच्यासाठी घरचे लोक रिकामा मातीचा ढीग रचायचे. आत काहीच नसायचं. एजियन समुद्राच्या काठावरच्या गावांना हे दुःख नवं नव्हतं, आणि त्यांच्या पुराणातले समुद्रदेव वाचताना ते रिकामे ढीग डोळ्यांपुढे ठेवावेत.

पोसायडनच्या आधीचा समुद्र

पोसायडन हा समुद्राचा मूळ मालक नव्हेच. होमर सांगतो की झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं. झ्यूसला आकाश मिळालं, हेडीसला पाताळ, पोसायडनला समुद्र. पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत सामाईक. झ्यूस त्याला हुकूम सोडतो तेव्हा पोसायडन चिडून याच वाटणीची आठवण करून देतो. आपल्याकडे बांधावरून भांडणारे भाऊ काढतात तसाच तो कागद काढतो म्हणा ना. म्हणजे समुद्र त्याच्या वाट्याला आलेला होता. तो आधीपासून तिथे होताच.

हेसिओड नावाचा कवी, साधारण इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा, देवांची वंशावळ सांगतो. त्याच्या हिशेबाने पृथ्वीने, म्हणजे गायाने, कोणाशीही संग न करता पाँटस जन्माला घातला. पाँटस म्हणजे खुद्द समुद्र. त्याला चेहरा नाही, गोष्ट नाही. पाँटस आणि गाया यांची मुलं म्हणजे नेरियस, थॉमस, फोर्किस, केटो आणि युरिबिया. यांतला थोरला नेरियस हा खरं बोलणारा, न्यायाने वागणारा, सौम्य म्हातारा. समुद्रासारख्या बेभरवशाच्या गोष्टीच्या पोटी इतका सरळ मुलगा, हे हेसिओडला खटकत नाही, आणि मला ते फार आवडतं.

नेरियसला डोरिसपासून पन्नास मुली झाल्या, त्या नेरीड. हेसिओड त्यांची नावं एकामागून एक सांगत जातो. वाचताना कंटाळा येईल असं वाटतं, पण अर्थ कळला की यादीचं रूपच बदलतं. गालेने म्हणजे शांत पाणी. किमोथोए म्हणजे वेगाने धावणारी लाट. प्सामाथे म्हणजे वाळू. ग्लॉके म्हणजे निळसर करडी. ॲक्टाया म्हणजे किनाऱ्याची. पाँटोपोरेया म्हणजे समुद्र ओलांडणारी. युलिमेने म्हणजे चांगलं बंदर असलेली. निघण्यापासून पोचण्यापर्यंत खलाशाला जे जे हवं असतं, ते सगळं या मुलींच्या नावांत आहे.

हाच हेसिओड स्वतः मात्र समुद्राला जाम घाबरायचा. आयुष्यात एकदाच जहाजात बसलो, असं तो सांगतो, आणि तो प्रवास कोणता, तर ऑलिसहून युबिया बेटावर. मधली खाडी इतकी अरुंद की आज तिच्या सर्वांत चिंचोळ्या जागी एक छोटा पूल पुरतो. भावाला तो सल्ला देतो की उन्हाळ्यातले थोडे दिवस सोडून जहाज बाहेर काढू नकोस, सगळा माल गलबतांत भरू नकोस, आणि हंगाम संपला की सुकाणू काढून चुलीच्या धुरावर टांगून ठेव. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याला मान देतात. हिशेब तोच, फक्त तिकडे धोका हिवाळ्यात असे आणि इकडे पावसाळ्यात.

इथे दोन नावांचा घोळ मिटवून टाकू. टेथिस आणि थेटिस या दोघी वेगळ्या. टेथिस ही ओशनसची बायको. ओशनस म्हणजे आजच्या अर्थाने महासागर नव्हे, तर सगळ्या पृथ्वीला वेढा घालून वाहणारी गोड्या पाण्याची नदी. ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस याने १८९३ मध्ये एका लुप्त समुद्राला या टेथिसचं नाव दिलं. हिमालय ज्या समुद्राच्या तळातून वर आला तो हाच टेथिस समुद्र. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी हे नाव पाठ केलंय, ते कोणाचं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

थेटिस ही नेरियसच्या पन्नास मुलींपैकी एक, अकिलीसची आई. झ्यूस आणि पोसायडन दोघेही तिच्यामागे होते. मग भविष्य कळलं की हिच्या पोटी येणारा मुलगा बापापेक्षा वरचढ निघेल. दोघांनीही हात झटकले आणि तिला पेलियस नावाच्या मर्त्य माणसाच्या गळ्यात बांधलं. ती काही राजी नव्हती. पेलियसने तिला धरलं तेव्हा ती आग झाली, पाणी झाली, सिंहीण झाली, साप झाली. एका परंपरेत ती शेवटी माकूल जातीचा जीव होते, शाई सोडून पळणारा. ग्रीकात त्याला सेपिया म्हणतात, आणि जिथे हे घडलं त्या भूशिराचं नावही सेपियास. जुन्या फोटोंच्या तपकिरी रंगाला आपण सेपिया म्हणतो तो याच शाईवरून.

या भूशिराची आठवण ठेवा, कारण इतिहासात ते पुन्हा येतं. इ.स.पू. ४८० मध्ये झेरक्सीसचा प्रचंड पर्शियन ताफा इथेच नांगरून उभा होता आणि तीन दिवस वादळाने त्याला झोडपलं. हेरोडोटस लिहितो की कमीत कमी ४०० जहाजं गेली. पर्शियन पुरोहितांना आयोनियन ग्रीकांनी सांगितलं की ही जागा थेटिसची आहे, तिला इथूनच पळवलं होतं. तेव्हा शत्रूच्या त्या देवीला पर्शियन लोकांनी बळी दिले, मंत्र म्हटले, आणि चौथ्या दिवशी वारा पडला. हेरोडोटस पुढे हळूच एक पुस्ती जोडतो, की कदाचित तो आपला आपणच पडला असेल.

रूपं पालटणाऱ्या या जुन्या मंडळींतला सर्वांत गमतीचा म्हणजे प्रोटियस. ट्रॉयहून परतणारा मेनेलाउस इजिप्तच्या किनाऱ्यापाशी फॅरोस बेटावर वाऱ्याअभावी अडकतो. अन्न संपत आलेलं. प्रोटियसचीच मुलगी त्याला युक्ती सांगते. दुपारी म्हातारा आपले सील मोजतो आणि त्यांच्यातच झोपतो, तेव्हा सीलची कातडी पांघरून त्याला धरा. त्या कातड्यांचा वास इतका भयंकर की तिला मेनेलाउस आणि त्याच्या माणसांच्या नाकाशी अमृतासारखं सुगंधी द्रव्य लावावं लागतं. धरल्यावर प्रोटियस सिंह होतो, साप, चित्ता, रानडुक्कर, पाणी, झाड होतो. सोडलं नाही तर मात्र शेवटी मूळ रूपात येऊन खरं खरं सांगतो. समुद्राकडून उत्तर मिळतं, पण हात सुटू द्यायचा नाही. लघवीच्या तपासणीत कधी कधी ‘प्रोटियस’ नावाचा जिवाणू सापडतो. आकार बदलत राहतो म्हणून १८८५ मध्ये त्याला या म्हाताऱ्याचं नाव मिळालं.

जमीन हलवणारा

आता पोसायडन. त्याच्या हातातला त्रिशूळ आणि शंकराचा त्रिशूळ यांचा काही संबंध नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते मासे मारायचं तीन टोकांचं हत्यार आहे, ट्यूनासारख्या मोठ्या माशांसाठीचं. पण ग्रीक लोक त्याला हाक मारायचे ती ‘जमीन हलवणारा’ म्हणून. तो भूकंपाचा देव, घोड्यांचा देव, आणि मग समुद्राचा. दक्षिण ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर त्याचं नाव सापडतं आणि अर्पणाच्या हिशेबांत त्याचा मान मोठा दिसतो. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये ती लिपी उलगडली तेव्हा हे कळलं. पाट्या इ.स.पू. १२०० च्या आसपासच्या. होमरच्या ओडिसीतही याच पायलॉसच्या किनाऱ्यावर पोसायडनला काळे बैल अर्पण केले जातात, नऊ गटांत प्रत्येकी नऊ. जुनी आठवण कशी टिकते पाहा.

जमीन आणि समुद्र एकाच देवाकडे का, याचं उत्तर ग्रीसच्या भूगोलात आहे. तिथे भूकंप झाला की मागून समुद्र येतो. इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात कोरिंथच्या आखातावरचं हेलिके नावाचं शहर एका रात्रीत गेलं. आधी भूकंप, मग लाट. शहर किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटर आत होतं तरी वाचलं नाही. तिथे नांगरलेली स्पार्टाची दहा जहाजंही गेली. हेलिकेत पोसायडनचं प्रसिद्ध देऊळ होतं. आशिया मायनरमधल्या आयोनियन लोकांनी त्या देवाची मूर्ती, निदान देवळाचा नमुना तरी द्या, अशी विनंती केली होती आणि हेलिकेकरांनी ती धुडकावली. म्हणून देव कोपला, असं लोक म्हणू लागले.

पुढे शेकडो वर्षं ही जागा एक दंतकथा होऊन राहिली. शास्त्रज्ञ इराटोस्थेनिस तिथे गेला तेव्हा नावाड्यांनी त्याला सांगितलं की पाण्याखाली ब्राँझचा पोसायडन अजून उभा आहे, त्याच्या हातात समुद्रघोडा आहे आणि जाळी टाकणाऱ्यांना तो धोक्याचा आहे. जाळं अडकून फाटण्याची तक्रार कुठल्याही तांडेलाला समजेल. २००१ मध्ये डोरा कात्सोनोपूलू यांच्या पथकाला हेलिकेचे अवशेष सापडले, ते समुद्रात नव्हे तर किनाऱ्यावरच्या शेतजमिनीखाली, गाळात.

पोसायडनचा राग हीच ओडिसीची सगळी यंत्रणा आहे. ओडिसियसने त्याच्या मुलाचा, एकाक्ष पॉलिफिमसचा, डोळा फोडला. मग दहा वर्षं हा देव त्याला घरी जाऊ देत नाही. ठार मारत नाही, नुसता हेलपाटे घालायला लावतो. पोसायडनची बायको ॲम्फिट्राइटी, मुलगा ट्रायटन. ट्रायटन कमरेखाली मासा आणि हातात शंख. तो शंख फुंकून लाटा उठवतो आणि शमवतोही. या दोघांबद्दल यापेक्षा फार सांगण्यासारखं नाही.

दात, भोवरे आणि गाणं

नेरियसची बहीण केटो. तिच्या नावातला ‘केटॉस’ म्हणजे समुद्रातलं कोणतंही अजस्र जनावर. फोर्किस आणि केटो या भावंडांच्याच पोटी गॉर्गनसारख्या भयंकर संततीचा जन्म होतो. सर्वांत गाजलेला केटॉस मात्र पोसायडनने पाठवलेला. कॅसिओपिया राणी बढाई मारते की आपण नेरीडांपेक्षा सुंदर आहोत. नेरीड रागावतात, पोसायडन पूर आणि केटॉस धाडतो, आणि राज्य वाचवायला राणीची मुलगी अँड्रोमेडा हिला खडकाला बांधलं जातं. पर्सियस येऊन तिला सोडवतो. बढाई आईची, साखळी मुलीला.

हे कुटुंब आकाशातही आहे. आपल्या मराठी तारकानकाशांत त्यांना महाभारतातली नावं मिळाली: कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, पर्सियस म्हणजे ययाती, सेफियस राजा म्हणजे वृषपर्वा. गंमत अशी की महाभारतात सवती झालेल्या दोघी तिथे आई-लेक होऊन बसल्या. केटॉसला मात्र नाव अगदी नेमकं मिळालं, तिमिंगल. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी ही सगळी मंडळी दिसतात.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की इ.स.पू. ५८ मध्ये स्कॉरसने याच राक्षसाचा म्हणून एक सांगाडा जाफाहून रोमला आणून लोकांना दाखवला. लांबी ४० फूट, बरगड्या भारतीय हत्तीपेक्षा उंच. तो व्हेल असावा असं मानतात. पूर्वी लोकांना शंका होती की भूमध्य समुद्राच्या तोंडाशी मोठे व्हेल होते का. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जिब्राल्टरच्या परिसरातल्या रोमनकालीन ठिकाणांवरची हाडं राइट व्हेल आणि ग्रे व्हेलची निघाली. म्हणजे त्या काळचे खलाशी जे सांगत होते, ते सगळंच थापा नव्हतं.

स्किला आणि कॅरिब्डिस यांची जागा प्राचीन लोकांनीच इटली आणि सिसिलीमधल्या मेसिना सामुद्रधुनीत ठरवली. तिथे खरोखरच उलटसुलट प्रवाह आणि भोवरे आहेत. कॅरिब्डिस दिवसातून तीनदा पाणी गिळते आणि ओकते. समोरच्या कड्यावर स्किला: बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा. ओडिसियसला आधीच सांगितलेलं असतं की स्किलाच्या बाजूने जा, सहा जण जातील, पण सगळं जहाज वाचेल. तो हे खलाशांना सांगत नाही. सांगितलं तर वल्हं सोडून आत दडून बसतील म्हणून. मग सहा जण उचलले जातात, त्याच्या नावाने हाका मारत. समुद्रावर जे जे पाहिलं त्यात सर्वांत केविलवाणं हेच, असं तो नंतर सांगतो. मला ही ओडिसीतली सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. इथे शौर्य नाही, नुसता हिशेब आहे आणि तो हिशेब कप्तानाच्या मनातून जात नाही. इतिहासकार पॉलिबियसने या वर्णनाचा संबंध त्याच सामुद्रधुनीतल्या तलवार माशाच्या शिकारीशी जोडला होता: उंचावर टेहळणारा एक माणूस, खाली होडी, आणि अचानक भाला.

सायरनबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. त्या मत्स्यकन्या नव्हेत. होमर त्यांचं रूप सांगतच नाही, पण ग्रीक चित्रांत त्या बाईच्या डोक्याचे पक्षी आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या एका भांड्यावर डोलकाठीला बांधलेला ओडिसियस आणि वर झेपावणारे हे पक्षी दिसतात. माशाची शेपटी त्यांना मध्ययुगात चिकटली. त्या गातात तेही सौंदर्याचं किंवा प्रेमाचं गाणं नव्हे. ट्रॉयला काय झालं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, जगात काय घडतं ते ठाऊक आहे, असं त्या म्हणतात. त्यांच्याभोवती हाडांचा खच पडलेला. पुन्हा तेच, माती न मिळालेली माणसं.

धावून येणारे

आता दुसरी बाजू. डॉल्फिनचं ग्रीकांना फार कौतुक. एरियन नावाच्या गायकाला खलाशांनी पैशासाठी समुद्रात उडी मारायला लावली. उडी मारण्याआधी त्याने शेवटचं गाणं म्हटलं आणि डॉल्फिनने त्याला पाठीवर घेऊन टेनेरम भूशिरावर सोडलं. ही कथाही हेरोडोटसचीच. दुसऱ्या एका कथेत डायोनिससला पळवून नेणारे चाचे घाबरून पाण्यात उड्या टाकतात आणि त्यांचेच डॉल्फिन होतात. म्हणजे डॉल्फिन हासुद्धा मूळचा माणूस, अशी एक समजूत होती. समुद्रावर कविता लिहिणारा ओपियन तर डॉल्फिनची शिकार हे पाप मानतो. आपलं धनिष्ठा नक्षत्र आहे ना, तोच पाश्चात्त्यांचा आकाशातला डॉल्फिन.

बिओशियातल्या अँथेडॉन गावचा ग्लॉकस हा साधा कोळी होता. पकडलेले मासे गवतावर टाकले, ते गवत लागताच जिवंत होऊन पुन्हा पाण्यात गेले. त्याने ते गवत चाखलं आणि तोही समुद्रात ओढला गेला, देव झाला. खलाशी त्याच्याकडे भविष्य विचारत. पण हे देवपण सुखाचं नाही. प्लेटो त्याची आठवण काढतो ती लाटांनी झिजलेलं, शिंपल्यांनी आणि शेवाळाने झाकलेलं अंग म्हणून, मूळ माणूस ओळखू न येणारं.

आणि इनो. थीब्जचा राजा कॅडमस याची मुलगी. बहिणीच्या अनाथ मुलाला, डायोनिससला, तिने सांभाळलं म्हणून हेरा देवी तिच्यावर कोपली आणि नवऱ्याला वेड लावलं. नवऱ्याने थोरल्या मुलाला मारलं. धाकट्या मेलिकर्टीसला कडेवर घेऊन ती पळत सुटली आणि कड्यावरून समुद्रात गेली. मुलाला डॉल्फिनने कोरिंथजवळ किनाऱ्याला आणलं असं सांगतात, आणि त्याच्याच स्मरणार्थ तिथे इस्थमियन क्रीडास्पर्धा भरू लागल्या, ऑलिंपिकच्या तोडीच्या. मुलगा पॅलिमॉन नावाचा देव झाला, आई ल्यूकोथिया, म्हणजे शुभ्र देवी.

ओडिसियसचा तराफा पोसायडनच्या वादळात मोडतो तेव्हा येते ती हीच. पाणपक्ष्याचं रूप घेऊन तराफ्यावर बसते. ही पूर्वी माणसासारखं बोलणारी बाई होती, हे होमर तिथे मुद्दाम सांगतो. ती आपल्या डोईवरचा पदर काढून त्याला देते. छातीखाली बांध, कपडे टाकून पोहायला लाग, आणि जमिनीला हात लागला की मागे न बघता हा पदर समुद्रात परत टाक. ओडिसियसचा विश्वास बसत नाही, पुन्हा कोणा देवाचा डाव असेल असं त्याला वाटतं. पण तराफा पूर्ण मोडतो आणि मग दुसरा उपाय राहत नाही. दोन रात्री आणि दोन दिवस पोहून तो किनाऱ्याला लागतो आणि पदर परत करतो. पोसायडनसमोर तिचं काही चालत नाही, ती वादळ थांबवू शकत नाही. तिच्याकडे आहे ते बांधायला एक कापड.

कॅस्टर आणि पॉलिड्यूसीस हे जुळे भाऊही खलाशांचे तारणहार. वादळात डोलकाठीच्या टोकावर जो निळसर उजेड दिसतो, तो खरं तर विजेचा एक खेळ आहे, पण ग्रीक खलाशी त्यात हे दोघे पाहत. यांतही एक जण मर्त्यच होता. आपलं पुनर्वसू नक्षत्र म्हणजे हेच दोन तारे.

एवढं असूनही सगळे ग्रीक भाबडे नव्हते. एजियनमधल्या सॅमोथ्रेस बेटावर समुद्रातून वाचलेले लोक नवस फेडायला चित्रं टांगून ठेवत. डायागोरस नावाच्या नास्तिकाला मित्राने ती दाखवली: देव नाहीत म्हणतोस, मग हे इतके वाचले ते कसे? रोमन लेखक सिसेरोने त्याचं उत्तर नोंदवून ठेवलंय. जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत, एवढंच तो म्हणाला.

पुढे देव गेले, काम राहिलं. ख्रिस्ती ग्रीसमध्ये खलाशांचा सांभाळ करायला संत निकोलस आला. नेरीडांचं नाव अजून ‘नेराइदा’ म्हणून जिवंत आहे, पण त्या आता समुद्रापेक्षा झऱ्यांवर आणि विहिरींवर राहतात, अवेळी पाण्यावर गेलेल्याला धरतात. आपल्या साती आसरांची गोष्ट ज्यांनी आजीकडून ऐकलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणखी एक लोककथा आहे, गॉर्गोनाची. ही सिकंदराची बहीण, कमरेखाली मासोळी. ती जहाज अडवून विचारते, सिकंदर राजा जिवंत आहे का? जिवंत आहे आणि राज्य करतोय, असं म्हणायचं. खरं सांगितलं तर जहाज बुडतं.

ओडिसियसचं पोसायडनशी भांडण कसं मिटतं ते सांगायचं राहिलं. पाताळात टायरेसियस त्याला सांगतो की घरी पोचलास की पुन्हा निघ. खांद्यावर वल्हं घे आणि आत आत चालत जा, जिथल्या लोकांना समुद्र माहीत नाही, जे जेवणात मीठ घालत नाहीत. वाटेत कोणीतरी भेटेल आणि विचारेल, खांद्यावर हे धान्य उफणायचं फावडं कशाला घेतलंस? आपल्या घाटमाथ्यावरच्या खळ्यावर कोणीही असं विचारलं असतं. तिथेच वल्हं जमिनीत रोवायचं, आणि पोसायडनला मेंढा, बैल आणि डुक्कर द्यायचं. त्यानंतर त्याला मरण येईल ते सौम्य असेल, म्हातारपणी, आपल्या माणसांत. तो प्रवास ओडिसियस करतो का, हे होमर सांगत नाही. ओडिसी त्याआधीच संपते.